किती हाईत?

2004च्या जूनमध्ये आई बेल्जियममध्ये गेंटला माझ्याकडे राहायला आली. वय त्र्याहत्तर, अंगावर नऊवारी लुगडं. माझ्या घरी लाकडी जिना आहे आणि त्याच्या भिंतीवर मी सायकल शर्यतींची जुनी पोस्टरं लावली होती, पायरीगणिक एक. पहिले दोन दिवस ती जिन्याचा कठडा धरून खाली बघत चढली. तिसऱ्या दिवशी पाय सरावले तशी मान वर केली आणि प्रत्येक पायरीवर थांबत गेली.

"ही समदी तुझीच?"

"होय."

"आनि वर?"

"वरच्या खोलीत आहेत आणखी. तळघरात पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये गुंडाळून ठेवलीत, ती वेगळी."

"किती हाईत?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा मला माहीत नव्हता. शंभरावर असतील, असं काहीतरी म्हणालो. आई पुढची पायरी चढली. दुकानदाराला स्वतःच्या दुकानातला माल ठाऊक नसावा, तसं काहीसं तिला वाटलं असणार.

तिचं सगळं मोजलेलं होतं. आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन. मी चौथीत असताना आमच्या गावच्या बस्तीत एका महाराजांचा चातुर्मास झाला, तेव्हा आईनं परिग्रह-परिमाणाचा नेम घेतला. मुनी सगळंच सोडतो. अंगावर कपडाही नाही. बारीक जीव हलकेच बाजूला सारायला मोरपिसांची पिंछी, शुद्धीच्या पाण्याला कमंडलू आणि वाचायला शास्त्र, एवढंच त्याच्याजवळ राहतं. संसारी माणसाला हे झेपत नाही, म्हणून त्याच्यासाठी छोटं व्रत, अणुव्रत. त्यानं आपल्या मालकीला आपणच कुंपण घालायचं. अमुक इतकं माझं, त्यापुढचं नाही. आईनं घातलेलं कुंपण असं होतं: लुगडी बारा, पाटल्यांचा एक जोड, बोरमाळ एक. भावानं दिवाळीला तेरावं लुगडं आणलं, तर दिवस मावळायच्या आत बारांपैकी एक कुणाला तरी जायचं. कुठलं द्यायचं यावर ती दुपारभर विचार करायची. ट्रंक उघडून बसायची आणि एकेक हातात घ्यायची. हे पाहुणीच्या बारशाचं, हे आप्पांनी नरसोबाच्या वाडीच्या बाजारातून आणलेलं, ह्याचा पदर थोरलीच्या लग्नात जळला तो असा रफू केला. लहानपणी मला वाटायचं, एका लुगड्यासाठी एवढा वेळ? तिच्या नेमाचा गाभाच त्या दुपारी होता, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

ती झोपल्यावर त्या रात्री मी मोजायला बसलो. पहाटे दोनला आकडा आला, एकशे त्रेचाळीस. त्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे एकच पोस्टर दोनदा निघालं. तोच गाव, तीच तारीख, तोच लाल मथळा. एक मी सेंट याकोबच्या चर्चभोवतीच्या रविवारच्या जुन्या बाजारात घेतलं होतं. दुसरं काही वर्षांनी ब्रसेल्सच्या जुन्या बाजारात, तेवढ्याच आनंदानं. पहिलं घरात आहे याची दुसरं घेताना आठवणसुद्धा झाली नव्हती. सकाळी आईला दोन्ही शेजारी ठेवून दाखवली. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तत्त्वार्थसूत्राच्या कर्त्यानं, उमास्वामींनी, परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलेलं नाही. त्यांनी मूर्च्छा हा शब्द वापरला आहे. पाठशाळेत आम्ही ते पाठ केलं होतं आणि मूर्च्छा म्हणजे आसक्ती, असा अर्थ वहीत लिहून मोकळे झालो होतो. पण मूर्च्छेचा साधा, घरगुती अर्थ बेशुद्ध पडणं हाच. ती दोन पोस्टरं समोर ठेवली तेव्हा मला वाटलं, हा शब्द आलंकारिक नाही. मी खरोखरच शुद्धीवर नव्हतो.

आता ही पोस्टरं आली कुठून, ते सांगायला हवं.

आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, गावात छापखाना होता. एक पायट्रेडल, खिळ्यांच्या चार केसेस आणि मोठ्या अक्षरांसाठी लाकडी टाईप. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं वर्षभर, आणि जत्रांच्या मोसमात कुस्त्यांचे कागद. "जंगी कुस्त्या" हा मथळा लाकडी टाईपात कायमचा बांधूनच ठेवलेला असायचा. खाली गाव, तिथी, इनामाचे आकडे आणि जोडांची यादी. मी शाळेतून आलो की खिळे जुळवायला बसायचो. पहिल्या जोडातल्या पैलवानाचं नाव मोठं, शेवटच्या जोडातल्या पोरांची नावं मुंगीएवढी. चिकीची बादली घेऊन पोरं गावोगाव जायची आणि रात्रीत भिंती लाल-निळ्या व्हायच्या. मैदान संपलं की कागदाचं काम संपलं. पाऊस धुऊन न्यायचा, शेळ्या चिकीच्या वासानं ओरबाडून खायच्या, उरलेल्या कागदांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची. आप्पांनी तीस वर्षांत असे हजारो कागद छापले. त्यातला आज एकही कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही.

मी पुढे छपाईचं शिक्षण घेतलं आणि 1989 साली इथे शाईच्या कारखान्यात रंग जुळवण्याच्या कामावर आलो. पहिल्याच उन्हाळ्यात एका खेड्यातल्या कॅफेच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. पिवळ्या कागदावर एकाच काळ्या शाईत, जाड मथळ्यात सायकल शर्यत, खाली तारीख, अंतर, बक्षिसांची रक्कम फ्रँकमध्ये, नावनोंदणी याच कॅफेत. फ्लँडर्समध्ये गावच्या जत्रेला केर्मिस म्हणतात आणि केर्मिस म्हटली की शर्यत आलीच. चर्चभोवती आठ-दहा किलोमीटरचा फेरा, तो दहा-पंधरा वेळा मारायचा. मोठे शर्यतपटू याच मातीतून वर येतात. मी त्या काचेसमोर उभा राहिलो आणि मला शाईचा, रॉकेलचा वास आला. शर्यत झाल्यावर कॅफेवाल्याकडे तो कागद मागितला. तो चकित झाला, कारण टाकायचाच होता. माझ्या संग्रहातला हा पहिला. पंधरा वर्षांनी जिन्यात आईनं नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं होतं. "ह्यो तर आप्पांच्या कुस्तीच्या कागदावानी हाय."

मग नाद लागला. गावठी कागदांवरून मी रंगीत शिळाप्रेसवरच्या जुन्या पोस्टरांकडे गेलो. ट्रॅकवरच्या शर्यती, सहा दिवसांच्या शर्यती, सायकल कंपन्यांच्या जाहिराती. हे जग माझ्या फार आधीपासून वेडं होतं. 1890च्या दशकात पॅरिसमध्ये या वेडाला आफिशोमानी असं नावच पडलं होतं. लोक रात्री ओला स्पंज घेऊन बाहेर पडत आणि ताजं लावलेलं पोस्टर चीक वाळायच्या आत भिंतीवरून सोडवून नेत. फ्रान्सप्रमाणे बेल्जियममध्येही पोस्टर लावायचं तर करापोटी तिकीट चिकटवावं लागे. कोपऱ्यात असं तिकीट दिसलं की समजावं, हा कागद भिंतीसाठी होता. तिकीट नसलेले, कोरे करकरीत राहिलेले पुष्कळदा छापखान्याच्या गोदामातून आलेले असतात. ते भिंतीवर कधी गेलेच नाहीत. बाजारात किंमत अशांचीच जास्त. म्हणजे ज्या कागदानं आपलं काम केलं तो उन्हापावसात संपला, आणि ज्यानं केलं नाही तो दीर्घायुषी होऊन संग्राहकाच्या घरी पोचला. कागदाला धर्म असता तर तो कुणाचा साधला म्हणायचा?

शिवाय पोस्टर हे मुळात हाव उत्पन्न करण्याचं यंत्र आहे. तुलूझ-लोत्रेकचं 1896 सालचं 'ला शेन सिम्पसन' घ्या. सिम्पसन नावाच्या इंग्रज माणसानं त्रिकोणी कड्यांची साखळी काढली होती. साध्या साखळीपेक्षा तिला तरफेसारखा जास्त जोर मिळतो, असा त्याचा दावा. तो काही यंत्रशास्त्रात बसणारा नव्हता. त्या साखळीचा फ्रान्समधला विक्रेता बुग्ले यानं लोत्रेकला पोस्टर सांगितलं. लोत्रेकनं आधी जिमी मायकेल काढला. वेल्सचा बुटका पोरगा, 1895चा जगज्जेता, तोंडात दातकोरणं, मागे त्याचा प्रशिक्षक वॉरबर्टन बॅगेत वाकून काहीतरी शोधतोय. बुग्लेनं ते नाकारलं, कारण साखळी नीट काढलेली नव्हती. साखळी विकायची होती ना! मग लोत्रेकनं दुसरं काढलं, त्यात साखळी बरोबर आहे. नाकारलेल्याच्या काही प्रती त्यानं स्वतःच्या खर्चानं छापून घेतल्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी मांड्यांची हाडं मोडल्यावर ज्याचे पाय पुढे वाढलेच नाहीत, तो हा माणूस वेलोद्रोममध्ये, सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, तासन् तास बसून इतरांचे पाय बघत असे.

सिम्पसनची साखळी काही वर्षांत विसरली गेली. मायकेल 1904 साली अमेरिकेला जाताना बोटीवरच वारला, तिशीही पुरी झाली नव्हती. दावा, वस्तू, शर्यतपटू, सगळं संपलं. हाव मात्र शिल्लक राहिली, फक्त तिनं जागा बदलली. आता साखळी कुणालाच नको असते, साखळीची जाहिरात हवी असते. ही दोन्ही पोस्टरं माझ्याकडे नाहीत आणि माझ्या निवृत्तिवेतनात येणारही नाहीत. तरी संग्रहालयात त्यांच्यासमोर उभा राहिलो की काचेपलीकडचा मायकेल माझ्याकडे न बघता दातकोरणं चघळत असतो आणि माझ्या पोटात काहीतरी हलतं. शंभराहून अधिक वर्षं उशिरा का होईना, जाहिरात लागू पडतेच.

शास्त्रात बाह्य परिग्रह दहा प्रकारचे सांगितले आहेत. शेत, घर, चांदी, सोनं, जनावरं, धान्य, दासी, दास, कापडचोपड, भांडी. आंतरिक चौदा, त्यांत मिथ्यात्व, क्रोध, मान, माया, लोभ आणि हसण्या-रडण्यापर्यंतचं सगळं. पोस्टर यात कुठं बसतं ते मी शोधलं. कागद यादीत नाही. पण जुनं पोस्टर टिकावं म्हणून त्याच्या पाठीला खळीनं कापड लावतात. तेव्हा कापडात धरावं, असं ठरवलं. आई म्हणाली, "वकील ठेव एखादा."

खळीवरून आठवलं. परिग्रहातून हिंसा येते, असं आपले आचार्य सारखं सांगतात. मला ते शेताच्या बांधावरून होणाऱ्या मारामारीपुरतं खरं वाटे. मग एका पावसाळी सप्टेंबरात तळघरातल्या नळ्यांना कसर लागली. खळीतला मैदा म्हणजे तिचं पक्वान्न. कापड लावलेल्या एका पोस्टरची कड तिनं नक्षी कातरल्यासारखी खाल्ली होती. कागद जपणाऱ्यांचा उपाय ठरलेला आहे. पोस्टर हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचं. कागदाला काही होत नाही, कसर आणि तिची अंडी मरतात. मी अकरा नळ्या फ्रीझरमध्ये रचल्या. झाकण लावताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. दशलक्षण पर्व चालू होतं. मी एकभुक्त होतो, कंदमुळं सोडली होती, बटाट्यात अनंत जीव म्हणून बायकोला बटाटा आणू दिला नव्हता. आणि सायकलवाल्यांच्या चित्रांसाठी किती जीव गोठवत होतो कोण जाणे. मी झाकण उघडलं नाही. हेही सांगितलं पाहिजे.

पण माझ्या मूर्च्छेचा खरा पुरावा पुढे आहे.

वरच्या खोलीत पलंगासमोर माझं सर्वांत आवडतं पोस्टर होतं. पॅरिसच्या सहा दिवसांच्या शर्यतीचं, युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतलं. दोघादोघांच्या जोड्या, एकानं दुसऱ्याला हाताला धरून पुढे भिरकावलेलं, वर गडद निळं छप्पर आणि त्यातून सांडणारा दिव्यांचा पिवळा उजेड. तो निळा मला वेड लावायचा. माझा धंदाच तो. एवढ्या खोल निळ्याखाली पिवळा हिरवट न होता कसा राहिला, याचा विचार मी त्या पलंगावर पडून शेकडो रात्री केला असेल. खाली ठिकाण छापलेलं, वेलोद्रोम दिवेर. म्हणजे हिवाळी वेलोद्रोम. ते नाव मी रोज वाचत होतो. वाचत होतो म्हणजे अक्षरांचं वळण बघत होतो.

2018 साली पॅरिसला गेलो तेव्हा ती जागा बघायची ठरवली. आयफेल मनोऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर रू नेलातों नावाची छोटी गल्ली आहे. 1910 साली तिथे हा वेलोद्रोम उघडला आणि 1913पासून सहा दिवसांच्या शर्यती तिथे होत आल्या. इमारत 1959 सालीच पाडली. मला वाटलं, एखादी सायकलची खूण असेल. तिथे एक छोटी बाग होती आणि बागेतल्या भिंतीवर मुलांची नावं, पुढे वयं. सहा वर्षं, चार वर्षं, दोन वर्षं.

16 आणि 17 जुलै 1942 या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरातल्या 13,152 ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांवर मुलं होती. त्यांच्यातल्या सुमारे आठ हजार माणसांना, मुलाबाळांच्या कुटुंबांना, या वेलोद्रोममध्ये कोंडलं. पाच दिवस. पाणी जवळजवळ नाही, संडास तुंबलेले, दारं-खिडक्या बंद. छप्पर काचेचं होतं आणि विमानांना दिसू नये म्हणून ती काच गडद निळी रंगवलेली होती. जुलैचं ऊन त्या निळ्यातून आत येत होतं. तिथून पुढे छावण्या आणि शेवटी आउशविट्झ. युद्ध संपलं, आणि त्याच हॉलमध्ये, त्याच बाकांवर लोक पुन्हा तिकिटं काढून शर्यती बघायला बसले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या कृत्याची राष्ट्राच्या वतीनं कबुली द्यायला 1995 साल उजाडलं.

ही माहिती गुप्त नव्हती. पुस्तकांत होती, वर्तमानपत्रांत होती, मीसुद्धा कधीतरी वाचलीच असणार. माझं पोस्टर काही खोटं बोलत नव्हतं, ठिकाणाचं नाव त्यानं ठळक छापलं होतं. मीच बेशुद्ध होतो. आणि मला बेशुद्ध कशानं केलं होतं, तर त्याच पोस्टरवरच्या प्रेमानं. प्रेमानं डोळे उघडतात असं आपण म्हणतो. माझं असं झालं की वस्तू माझी झाली, रोज समोर आली आणि दिसेनाशी झाली. जिच्याबद्दल मी तासभर बोलू शकलो असतो, तिच्यावर लिहिलेलं ठिकाण मी वाचलेलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, वस्तू जवळ असणं हा दोष दुय्यम आहे. मालकीची ग्लानी येते, ती मुख्य. यावर एखादा तरबेज संग्राहक म्हणेल, मग सगळं जाणून-समजून शंभर ठेव की! मीही स्वतःला असं समजावून पाहिलं. पण माणसाच्या ध्यानाला माप आहे. आईला बारा लुगड्यांची सगळी हकिगत मुखोद्गत होती, बासष्टांची झाली नसती. आकडा छोटा ठेवण्यामागचं शहाणपण मला इतकंच दिसतं, की जेवढ्याशी शुद्धीत राहता येईल तेवढंच आपलं म्हणावं.

गेंटला परतलो आणि माझा आकडा ठरवला. दशलक्षणाचे दिवस दहा. दिवसाला तीन पोस्टरं नीट उघडून बघून होतात. तीस. लुगडी आई पावसाळा संपल्यावर उन्हात घालायची. पोस्टरांना ऊन चालत नाही, म्हणून मी ती संध्याकाळी टेबलावर पसरतो, दिव्याच्या उजेडात. ज्याच्याबद्दल नव्यानं काही दिसलं नाही, ते त्या वर्षी जातं. गावच्या शर्यतींचे बरेच कागद मी त्या-त्या गावच्या इतिहास-मंडळांना परत केले. एका मंडळातल्या म्हाताऱ्यानं यादीत स्वतःचं नाव शोधलं. बक्षिसांच्या रकमेवर बोट ठेवून तो म्हणाला, यातलं काहीच मला मिळालं नाही. हे मला त्या कागदात कधी दिसलं नसतं.

निळं पोस्टर मी विकलं नाही. भिंतीवरून मात्र उतरवलं. ते नवव्या दिवशी, आकिंचन्याच्या दिवशी, उघडतो. आकिंचन्य म्हणजे माझं असं काहीच नाही, ही जाणीव. त्या दिवशी पिवळा बघत नाही. खालची ओळ वाचतो, मोठ्यानं.

मुनींच्या उंचीवरून पाहिलं तर एकशे त्रेचाळीस आणि तीस यांत फरक नाही, हे मला कळतं. नवं काही दिसलं म्हणून एखादं पोस्टर ठेवून घेतो तेव्हा ते खरंच दिसलेलं असतं, की ठेवायचं म्हणून मी पाहिलेलं असतं, याचीही खात्री देता येत नाही. एखाद्या रविवारी जुन्या बाजारात अजूनही जातो. हात मागे बांधून फिरतो.

आई 2013च्या फेब्रुवारीत गेली. दिवस झाल्यावर आक्कानं आणि मी तिची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, वर वर्तमानपत्राचा कागद, खाली घड्या. आक्का एकेक उचलून बाजेवर ठेवत गेली आणि मोजत गेली. अकरा झाल्यावर ट्रंकेचा तळ लागला. तिनं परत मोजली. "एक कमी हाय," ती म्हणाली, "आईच्या हिशेबात कधी चूक व्हायची न्हाई."

मीही मोजली. अकराच होती. मग आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. बारावं ती शेवटच्या सकाळी नेसली होती.